गिटारच्या पॉलिशवर डाग पडलाय? आधी तिथं काय टेकलं होतं ते शोधा

गिटारवर डाग दिसला की हात आपोआप फडक्याकडे जातो. तो थांबवा आणि आधी डागाचा आकार नीट बघा. खिडकीपाशी जा, गिटार तिरकी धरा, उजेड पॉलिशवरून आडवा येऊ द्या. नेकच्या, म्हणजे लांब दांडीच्या मागे, समोरासमोर, बोटभर रुंदीचे दोन पिवळट-तपकिरी पट्टे दिसले तर ते स्टँडच्या वरच्या बेचक्याचे. बुडाशी, कडेच्या जवळ दोन अर्धगोल खुणा दिसल्या तर त्या स्टँडच्या पायांच्या. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाच्या मागे नखाएवढा चौकोन म्हणजे सूर जुळवायला लावलेला क्लिपचा ट्यूनर. टॉपवर, म्हणजे समोरच्या फळीवर, वळसा घेत गेलेली दोन इंची पट्टी म्हणजे बॅगेत गिटारवर तसाच पडून राहिलेला खांद्याचा पट्टा. उजवा हात जिथं टेकतो तिथं पॉलिश धुरकट आणि चिकट झालं असेल तर घाम. आणि स्टिकर काढल्यावर खाली लाकूड फिकट दिसलं, तर त्याला डाग म्हणूच नये. ती उन्हापासून झाकलेली जागा आहे.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डागी गिटारींपैकी बहुतेकींचं कारण या यादीतच सापडतं. मी मिरजेची. आमच्या घरी बाबा तंबोऱ्याला आणि सतारीला पॉलिश करायचे, ते बघत मोठी झाले. आता मी जास्त करून गिटारी हाताळते, कारण सांगली-मिरजेत कॉलेजच्या मुलामुलींच्या हातात गिटारच जास्त दिसते. तंबोऱ्याचं पॉलिश लहानपणापासून पाहिल्याचा एक फायदा झाला. पॉलिश हा लाकडावरचा नुसता चकचकीत थर नसतो, तो आसपासच्या वस्तूंशी सतत काहीतरी देवाणघेवाण करत असतो, हे फार लवकर कळलं. गिटारला शेजारी कोण ठेवायचा हे म्हणूनच महत्त्वाचं.

आपल्या गिटारवर कोणतं पॉलिश आहे?

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. एका पॉलिशला जे औषध, ते दुसऱ्याला विष ठरतं.

अकूस्टिक गिटारवर मुख्यतः तीन प्रकार भेटतात. पहिलं लाखेचं, म्हणजे आपलं स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि सुती कपड्यात बांधलेल्या बोळ्यानं थरावर थर चढवायचे. मिरजेच्या तंबोऱ्या-सतारींवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चढत आलंय. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटारींमध्ये हे पॉलिश हातानं बनवलेल्या क्लासिकल गिटारींवर दिसतं. थर अतिशय पातळ असतो, आवाज मोकळा सुटतो, पण दारू, घाम, उष्णता यातलं काहीही त्याला फारसं सोसत नाही.

दुसरं नायट्रोसेल्युलोज लॅकर. आपल्याकडचे सुतार आणि पेंटर याला एनसी लॅकर म्हणतात. १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगाबरोबर ते पुढं आलं आणि वाद्यांवरही चढलं. मार्टिन, गिब्सन यांच्या बऱ्याच गिटारींवर आजही हेच असतं. थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, कधी त्याहूनही पातळ. हे लॅकर सुकतं ते केवळ थिनर उडून गेल्यामुळं. आत नवीन रासायनिक जाळं तयार होत नाही. म्हणून वर्षांनीही थिनर लागला की ते पुन्हा विरघळतं, आणि म्हणूनच रबर-प्लास्टिकमधल्या तेलांना ते सहज दार उघडतं.

तिसरं पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर. बाजारात पीयू म्हणतात ते यातलंच. यामाहाच्या एफ३१० सारख्या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या गिटारींवर पॉलियुरेथेन असतं. टेलरनं १९९० च्या दशकापासून अतिनील प्रकाशानं कडक होणारं पॉलिएस्टर वापरलं. ही पॉलिशं कडक होताना आत जाळं विणतात आणि एकदा विणलेलं जाळं थिनरनं सुटत नाही. त्यामुळं ती दणकट. पण दणकट म्हणजे डाग पडणारच नाही असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि पांढऱ्या किंवा नॅचरल रंगाच्या गिटारवर तपकिरी पट्टे घेऊन येतात.

ओळखायचं कसं? सोपा रस्ता म्हणजे कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची माहिती वाचणं. ती मिळाली नाही तर चाचणी करता येते, पण लपलेल्या जागीच. बुडाशी पट्टा अडकवायचं बटण असतं, त्याचा स्क्रू सोडवा. बटणाखाली जेवढी जागा झाकली जाते तेवढीच आपली प्रयोगशाळा. कानात घालायच्या काडीच्या कापसाला स्पिरिट लावा, नीट पिळून घ्या आणि त्या जागी काही सेकंद टेकवा. कापूस चिकटला, पिवळसर झाला, तर लाख. काही झालं नाही तर दुसऱ्या काडीनं एनसी थिनर तसाच लावा. आता मऊ झालं तर नायट्रो. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू किंवा पॉलिएस्टर. खिडकी उघडी ठेवा, जवळ निरांजन, उदबत्ती, गॅस काही नको. आणि ही चाचणी टॉपवर, उघड्या जागी, कुणी कितीही सांगितलं तरी करू नका.

रबर आणि प्लास्टिक नेमकं काय करतात

पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. ते लवचिक व्हावं म्हणून त्यात तेलासारखी रसायनं मिसळतात. मऊ पीव्हीसीत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ही रसायनं असणं अगदी नेहमीचं. ती प्लास्टिकशी रासायनिकरीत्या बांधलेली नसतात, नुसती आत वस्तीला असतात. शेजारी नायट्रो लॅकर आलं की हळूहळू त्याच्यात शिरतात. लॅकर मऊ होतं, चिकट होतं, त्यावर स्टँडच्या फोमची जाळी जशीच्या तशी उमटते. उष्णतेत हे वेगानं होतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पत्र्याखालच्या खोलीत स्टँडवर उभी असलेली गिटार आणि तीच गिटार डिसेंबरमध्ये, यात खूप फरक आहे.

काळ्या रबराची गोष्ट जरा वेगळी. रबर लवकर झिजू-फुटू नये म्हणून त्यात जी रसायनं घालतात त्यातली काही बाहेर येऊन शेजारच्या पृष्ठभागाला रंगवतात. ही पीयूलाही सोडत नाहीत. थर मऊ होत नाही, वरून हात फिरवला तर गुळगुळीतच लागतो, पण पिवळा-तपकिरी रंग थरात उतरलेला असतो. घरात विनाइलच्या फरशीवर रबरी पाठीचं पायपुसणं ठेवलं की काही महिन्यांनी खाली पिवळा चौकोन उमटतो, तोच हा प्रकार. यात फसवणारी बाब अशी की हा डाग कधीकधी लगेच दिसत नाही. रबर लागलेली जागा नंतर उजेडात राहिली की रंग गडद होत जातो. म्हणून एखादा म्हणतो, "ताई, मी तर स्टँड कधीच बदलला, तरी डाग वाढतोय." तो खोटं बोलत नसतो.

एका मुलाची नॅचरल रंगाची गिटार आठवते. नेकच्या मागे दोन्ही बाजूंना पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक बारीक फिकट रेघ. तो म्हणाला घामानं झालं असेल. मी त्याला स्टँड घेऊन यायला सांगितलं. बेचक्यावर चढवलेली काळी नळी लांबीच्या दिशेनं चिरलेली होती आणि चिरेच्या जागी रबर लाकडाला टेकत नव्हतं. फिकट रेघ तिथंच. नळी डागावर ठेवली तशी कड कडेला बसली. घाम अशी सरळ कड सोडत नाही. घामाची कड विरत जाते.

एकेक वस्तू

स्टँड सर्वांत आधी, कारण गिटार त्यावर दिवसाचे वीस तास असते. दुकानात स्टँड घेताना बेचक्याचं आणि पायांचं आवरण बोटांनी दाबा, मग बोटं चोळून बघा. बोट तेलकट झालं, हाताला टायरसारखा वास राहिला, तर तो स्टँड नायट्रो किंवा लाखेच्या गिटारसाठी नकोच. आधीच घरात असलेल्या स्टँडची परीक्षा अशी करा: पांढरा कागद त्या रबरावर गुंडाळा, वरून दोरा बांधा आणि उबदार जागी दोन-तीन आठवडे राहू द्या. कागदावर तेलकट पारदर्शक छटा किंवा पिवळेपणा उतरला तर निकाल लागला. कागद स्वच्छ निघाला म्हणून पूर्ण खात्री मात्र धरू नका, विशेषतः नायट्रोच्या बाबतीत.

पीयूच्या गिटारसाठी उपाय घरात आहे. जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची पट्टी घ्या, बेचक्याला आणि पायांना दोन-तीन वेढे द्या, टोक सुईदोऱ्यानं टाचा. सेलोटेप नको, त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो. नवं गडद रंगाचं कापड नको, त्याचा रंग घामाच्या ओलीनं उतरतो. ही पट्टी दर महिन्याला सोडून धुवायची किंवा बदलायची. कारण कापड रबराला अडवत नाही, फक्त उशीर लावतं. रबरातलं तेल सुतात मुरतं आणि एक दिवस पलीकडे पोचतं. वेढ्यांच्या सर्वांत आतल्या थरात स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आणि वर जाड सूत घेतलं तर मात्र वाट खरोखर बंद होते. फॉइलची कड बाहेर डोकावणार नाही एवढं बघा, ती ओरखडे पाडते.

नायट्रो किंवा लाखेची गिटार असेल तर माझं स्पष्ट मत आहे: स्टँडवर कायम ठेवूच नका. वाजवून झालं की केसमध्ये. बाहेर ठेवायचीच असेल तर बेचक्यावरचं रबर काढून टाका आणि तिथं कातडं किंवा लोकरीचा जाड फेल्ट शिवा. कातडं कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडे मिळतं. सांगली-साताऱ्याकडेही हे काम होतं. झाडाच्या सालीवर कमावलेलं, रंग न दिलेलं, तेल न लावलेलं पातळ कातडं मागा. ओलं होऊ देऊ नका, ओल्या कातड्यातून टॅनिन उतरतं.

आमच्याकडे तंबोऱ्याला गवसणी असते, सुती कापडाची, सैल. ती तंबोऱ्याला कुठं चिकटून बसत नाही, आत हवा खेळते, आणि मळली की धुता येते. गिटारला अशी गवसणी शिवून घ्यायला काहीच हरकत नाही. लाखेच्या गिटारसाठी तर मी आवर्जून सांगते: आधी गवसणी, मग बॅग.

पट्टा. स्वस्त पट्ट्यांची टोकं रेक्झीनची असतात आणि रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेलं मऊ पीव्हीसीच. वाजवताना पट्टा गिटारला टेकतो तो थोडा वेळ, त्यानं सहसा काही होत नाही. पट्टा न काढता, तो टॉपवर दुमडून चेन लावली आणि परीक्षा होईपर्यंत बॅग कपाटावर टाकली, तिथं घोळ होतो. पट्टा काढून बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवायचा, इतकंच करायचं आहे. गडद रंगवलेल्या चामड्याच्या पट्ट्याचा रंग घामानं सुटतो, तो पांढऱ्या कॉटनच्या ओल्या रुमालानं घासून आधीच तपासता येतो. केबलीचंही तेच. पिकअप असलेल्या गिटारची केबल गुंडाळून बॅगेत गिटारच्या अंगावर ठेवतात, तिचं आवरणही मऊ पीव्हीसीच असतं.

कॅपो (पट्टी बदलायला नेकवर लावायचा चिमटा) आणि क्लिपचा ट्यूनर वाजवून झालं की काढा. कॅपो हेडस्टॉकला लावून ठेवायची सवय फार पसरली आहे. स्प्रिंगचा दाब आणि रबर एकत्र आले की नायट्रोवर खड्डा पडतो, नुसता रंग बदलून थांबत नाही. ट्यूनरच्या रबरी पॅडवर पातळ फेल्टचा तुकडा बसवता येतो, पण मग काही ट्यूनरना कंपनं नीट पकडता येत नाहीत. त्यापेक्षा काढून ठेवणं सोपं.

साउंडहोलमध्ये बसवायच्या रबरी चकत्या, पिक अडकवायचे चिकट होल्डर, नावाचे स्टिकर यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. नायट्रोवर आणि लाखेवर यातलं काहीही नको.

केसमध्ये डांबराच्या गोळ्या टाकू नका. कपड्यांच्या कपाटातली सवय लोक वाद्यालाही लावतात. बंद केसमध्ये त्यांची वाफ कोंडते आणि मऊ पॉलिशला, साउंडहोलशेजारच्या प्लास्टिकच्या पिकगार्डला, कडेच्या पट्टीला म्हणजे बाइंडिंगला बाधते.

ऊन आणि घाम

नायट्रो उन्हानं पिवळं होतं. स्प्रूस या फिकट लाकडाचा टॉप कोणत्याही पॉलिशखाली हळूहळू मधाळ होतो, कारण तिथं लाकूडच बदलतं. खिडकीची काच सगळे अतिनील किरण अडवत नाही, म्हणून काचेआड ठेवली म्हणजे वाचली असं होत नाही. गिटार भिंतीवर टांगायची तर अशा भिंतीवर, जिथं दुपारचं थेट ऊन येत नाही. पिकगार्ड बदलला, स्टिकर काढला आणि खाली फिकट जागा निघाली तर ती घासून जुळवायचा प्रयत्न नको. थेट ऊन टाळून उजेडात ठेवत गेलात की फरक कालांतरानं कमी होत जातो. गाडीत, बंद काचांमागे, उन्हाळ्यात गिटार ठेवण्याबद्दल एवढंच सांगते की तिथं पॉलिशच्या आधी ब्रिज, म्हणजे तारा जिथं टॉपला अडकवतात ती लाकडी पट्टी, उचलला जाईल.

घाम माणसागणिक वेगळा असतो. काहींच्या हातानं तारा आठवड्यात काळ्या पडतात, त्यांच्या गिटारचं नायट्रोही लवकर धुरकटतं. वाजवून झालं की जुन्या बनियनच्या कापडानं नेक, टॉपची उजवी कड आणि तारा पुसायच्या, बस. अंगावर डास पळवणारं क्रीम किंवा स्प्रे असेल तर आधी हात कोपरापर्यंत धुवा. त्यात डीईईटी हे डास पळवणारं रसायन असेल तर ते प्लास्टिक आणि पॉलिश दोन्ही मऊ करतं, पीयूसुद्धा त्याला पूर्ण पुरून उरत नाही. सॅनिटायझर आणि बॉडी स्प्रे म्हणजे अल्कोहोल. लाखेवर त्याचा एक थेंब पडला तरी तिथं पॉलिश सुटतं.

हळद-कुंकू

सांगलीत राहून हे लिहिलं नाही तर चालणार नाही. खंडेनवमीला आपण वाद्यांची पूजा करतो. आमच्याकडे तंबोऱ्याच्या केसवर किंवा गवसणीवर बोट टेकवतात. गिटारवर मात्र मुलं थेट हेडस्टॉकवर, ब्रिजवर हळद-कुंकू लावतात, वर ओला झेंडूचा हार घालतात आणि संध्याकाळपर्यंत तसंच ठेवतात. पीयूवर फारसं बिघडत नाही. नायट्रोवर, लाखेवर आणि ब्रिज-फिंगरबोर्डच्या उघड्या लाकडात रंग उतरतो.

हळद लागलीच तर आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. चोळू नका. साबणाचं पाणी तर मुळीच लावू नका: हळदीला क्षार लागला की ती लाल होते, चुन्यानं हळदीचं कुंकू होतं ते यामुळंच. पिवळा डाग होता त्या जागी तांबडा होऊन बसतो. पीयूवर उरलेला पिवळेपणा कापसाला किंचित स्पिरिट लावून निघतो. नायट्रोवर आणि लाखेवर स्पिरिट चालत नाही. तिथं धीर धरा. हळदीचा रंग उजेडात विटतो. काही दिवस गिटार उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवली की डाग बराच फिका होतो. कुंकवाचं तसं नाही. आजकालच्या कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि उघड्या लाकडात गेले की राहतात. म्हणून पूजेला गिटारवर विड्याचं कोरडं पान ठेवा आणि बोट त्यावर टेकवा. फूल वाहायचं तर कोरडं वाहा.

डाग पडलाच आहे, आता काय

क्रम पाळा, आणि जिथं काम झालं तिथं थांबा.

सुरुवात कोरड्या मऊ कापडानं. मग तोंडाची वाफ सोडा आणि पुसा. एवढ्यानं अर्धे "डाग" जातात, कारण तो मळ असतो. राहिलं तर कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, कोपऱ्यावर भांड्यांच्या द्रव साबणाचा एखादा थेंब, हलकं पुसा, लगेच साध्या ओलसर आणि मग कोरड्या कापडानं. हे पीयू आणि नायट्रोसाठी. लाखेला साबण-पाणी नको. स्टिकरचा गोंद, चिकटपणा, तेलकट थर यासाठी लायटर फ्लुइड, म्हणजे नॅप्था. सुकलेल्या तिन्ही पॉलिशांवर ते चालतं, पण पेट घेतं, म्हणून वारा खेळता हवा आणि आसपास ज्योत नको. नायट्रो आधीच मऊ-चिकट झालं असेल तर मात्र त्यालाही हात लावू नका.

नॅप्थानंतरही डाग जागेवर आहे आणि पृष्ठभाग गुळगुळीत, कडक आहे? म्हणजे रंग थरात उतरलाय. पीयूवर सिलिकॉन नसलेलं बारीक पॉलिशिंग कंपाउंड घेऊन, मऊ कापडानं, हलक्या हातानं गोल फिरवत बघता येतं. मिनिटभर करा, पुसा, उजेडात बघा. डाग उजळत असेल तर थोडं पुढं जा. काहीच फरक नसेल तर थांबा, कारण तुम्ही रंग नाही, थर काढताय. खोल गेलेला रबराचा डाग घासून जात नाही. नेकच्या मागे असेल तर मी गिऱ्हाइकाला राहू द्या म्हणूनच सांगते. वाजवण्यात त्याचा काही अडसर नाही.

नायट्रो मऊ झालं असेल तर सगळ्यात मोठं काम म्हणजे काहीही न करणं. ती वस्तू दूर करा, गिटार अशी ठेवा की त्या जागेला काहीच टेकणार नाही, सावलीत, हवेशीर जागी, काही आठवडे. थर कधीकधी थोडा कडक होतो. नाही झाला तर तो भाग खरवडून नव्यानं लॅकर मारावं लागतं, आणि ते घरी करायचं काम नाही. लाखेचं पॉलिश सर्वांत नाजूक, पण दुरुस्तीला सर्वांत उदार. जुन्या थरात नवा थर विरघळून एकजीव होतो. जाणता हात असेल तर दुरुस्ती शोधूनही सापडत नाही. मिरजेत असे हात आहेत.

टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर, खोबरेल, नेलपॉलिश रिमूव्हर आणि फर्निचरचे चकाकी देणारे स्प्रे यातलं काहीही वापरू नका. स्प्रेमधलं सिलिकॉन तर पुढच्या दुरुस्तीचाच घात करतं. लाकडाच्या भेगेत शिरलेलं सिलिकॉन निघत नाही आणि त्यावर मारलेलं नवं लॅकर गोल गोल फाटत जातं.

पावसाळ्यातला पांढुरकेपणा वेगळा ओळखा. कृष्णेकाठची हवा जुलै-ऑगस्टमध्ये इतकी ओली असते की लाखेवर धुक्यासारखी पांढरी छटा येते. ती ओल असते. २०१९ च्या महापुरानंतर भिजलेल्या घरांतून आलेल्या वाद्यांवर ती सर्रास होती. घाई करून हेअर ड्रायर मारू नका, पंख्याच्या वाऱ्यात हळूहळू वाळू द्या. बरीचशी छटा आपणहून जाते. उरलेली पॉलिशवाला स्पिरिटच्या जेमतेम ओल्या बोळ्यानं एका हातात काढतो. पीयूवर पांढरा ठिपका दिसला तर तो ओलीचा नसून बहुधा ठोक्याचा असतो. तिथं थर लाकडापासून सुटलेला असतो आणि पुसून तो जाणार नाही.

दुरुस्तीला गिटार आणताना चार दिवस आधीपासून ती पुसणं बंद करा. मूळ खूण जशी आहे तशी बघायला मिळाली तर निदान पटकन होतं. सोबत स्टँड, पट्टा, कॅपो, ट्यूनर, बॅग सगळं घेऊन या, आणि मागच्या वर्षभरात त्यातलं काय नवं घेतलं ते आठवून ठेवा.